होडीचा पंखा आणि त्याचा पिच
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या व्याख्यानमालेत यापूर्वी ज्ञानेश्वरीवर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले, आणि गेल्या महिन्यात कोकणातल्या मसाल्यांवर तर फारच रुचकर बोलणे झाले. त्या पंगतीत आज आम्ही 'होडीच्या पंख्याचा पिच' हा विषय घेऊन उभे आहोत. श्रीखंडाच्या वाटीनंतर वाढप्याने ताटात पाना आणि पक्कड वाढावी, तसे आपणांस वाटले तर त्यात आपला दोष नाही. परंतु हा विषय आम्ही मागून घेतलेला नाही. गेल्या वर्षी आपल्या मंडळातील काही तरुण सभासदांनी वर्गणी काढून एक चौदा फुटी फायबरची बोट आणि तिच्यासाठी १५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन घेतले. बोट पाण्यात उतरली आणि दुसऱ्याच रविवारी वाद सुरू झाला. दोघे गेले तर बोट वाऱ्यासारखी जाते. सहा जण बसले की नाळ वर करून रेड्यासारखी कण्हत राहते. कोणी म्हणाले इंजिन खराब, कोणी म्हणाले पेट्रोल भेसळीचे, कोणी म्हणाले सभासदांचीच वजने वाढली आहेत. शेवटी सेक्रेटरींनी आमच्याकडे बोट दाखवले. आम्ही उमेदीची वर्षे कोचीत जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात काढली, एवढेच आमचे भांडवल.

आणखी एक कारण आहे. १९८९ सालच्या विसर्जनाला आमच्याबरोबर बोटीत असलेल्यांपैकी दोघे आज या सभागृहात बसले आहेत. त्या संध्याकाळची हकीकत आपण आजवर विनोद म्हणूनच सांगत आलो. आज ती थोडी नीट सांगावी असे आम्हांस वाटते.

त्या वर्षी गणपती सात दिवसांचा होता. मूर्ती अडीच फुटी, शाडूची. तेव्हा विसर्जन आपण कायलात, म्हणजे इथल्या खाडीच्या पाण्यात, करीत होतो; हौदाची पद्धत पुढे आली. एका परिचिताची बोट मागून आणली होती. ती अशीच चौदा फुटी, इंजिन असेच १५ अश्वशक्तीचे. ते गृहस्थ एकटेच किंवा फार तर एका मित्रास घेऊन मासे गळाला लावावयास जात. आम्ही त्या बोटीत सात जण चढलो. त्यांत दोन मुले. शिवाय मूर्ती, पाट, निर्माल्याची टोपली, एक ढोल. अंगात घालावयाची तरंगती जाकिटे नव्हती, ती असावीत असे कोणाच्या मनातही आले नाही. हे आम्ही अभिमानाने सांगत नाही.

ज्यांना इथले पाणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेंबनाडचा हा सारा पसारा, आणि त्यात पावसाळ्यात येणारे पेरियार, मुवाट्टुपुळा, पंपा अशा नद्यांचे पाणी, यांतला मोठा वाटा फोर्ट कोची आणि वैपीन यांच्यामधल्या मुखातून समुद्रास मिळतो. भाद्रपदात ओहोटी लागली की त्या मुखाकडे पाणी असे ओढ घेते की काठावरून पाहणाऱ्यास ते कळतही नाही, आणि बोटीतल्यास फार उशिरा कळते. आम्ही निघालो ते ओहोटीच्या संगतीने. बोट जड चालली आहे, इंजिनाचा आवाज घोगरा आहे, हे आमच्या कानांवर पडत होते. पण 'मोरया'च्या गजरात कोण लक्ष देतो? मध्यावर बाप्पांना निरोप दिला आणि तोंड फिरवले.

परतीस मात्र काठ जवळ येईना. इंजिन पूर्ण ताकदीवर सोडलेले, नाळ आभाळाकडे, मागची फळी पाण्याला टेकलेली, आणि किनाऱ्यावरचे दिवे जागच्या जागी. वीसेक मिनिटे आम्ही त्या इंजिनास तसेच रेटले. मग त्याने एक कर्कश आवाज केला आणि ते थांबले. दोरी ओढली तर ती हलेचना. पिस्टन धरला होता. अंधार पडत होता. नांगर होता, पण त्याची दोरी तळापर्यंत पोचेना. ज्या पाटावरून बाप्पांना आणले होते, तोच पाट आम्ही वल्हे म्हणून वापरला. आपल्या मंडळात सर्वजण ज्यांना ताई म्हणत, त्यांनी दोन्ही मुलांना मांडीशी घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून आरती म्हणावयास लावली. मुलांना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. बोट हळूहळू मुखाकडे सरकत होती. बाप्पा गेले त्याच वाटेने आपणही निघालो, हे मोठ्यांना कळले होते आणि कोणी बोलत नव्हते.

आम्हांस ओढून आणले ते एका म्हाताऱ्या मच्छीमाराने. त्याची लाकडी होडी आमच्याहून लांब आणि जड. तिच्यावर घासलेटवर चालणारे आठ अश्वशक्तीचे इंजिन. त्याने दोर टाकला, आमच्या बोटीचे आणि आपल्या होडीचे सारे ओझे घेऊन तो ओहोटीच्या विरुद्ध निघाला, आणि सावकाश, न थांबता, पाऊण तासाने आम्हांस धक्क्याला लावले. आमच्या पंधरा घोड्यांना जे जमले नाही ते त्याच्या आठांनी केले. धक्क्यावर त्याने आमचे इंजिन उचलून पाहिले, पंख्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि मल्याळीत म्हणाला, "हा पंखा एकट्या माणसाचा आहे." त्या चेट्टनला आम्ही पैसे देऊ केले, त्याने ते घेतले नाहीत, प्रसादाचे मोदक मात्र घेतले.

आजच्या बोलण्याचा विषय म्हणजे त्याचे ते एक वाक्य.

पिच म्हणजे काय? क्रिकेटचा येथे संबंध नाही. स्क्रूचे आटे आपण सर्वांनी पाहिले आहेत. स्क्रू लाकडात एक पूर्ण फेरा फिरवला की तो जितका आत जातो, तितका त्याचा पिच. बोटीचा पंखा हा पाण्यात फिरणारा स्क्रूच होय. तो एका फेऱ्यात, पाणी लाकडासारखे घट्ट असते तर, जितका पुढे गेला असता, ते अंतर म्हणजे त्याचा पिच. पंख्याच्या गाभ्यावर वा पात्यावर दोन आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, ९ १/४ × ११. पहिला आकडा पात्यांच्या टोकांनी आखलेल्या वर्तुळाचा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. आपल्या नव्या बोटीवर आज नेमका हाच पंखा आहे.

हे स्क्रूचे नाते केवळ उपमेपुरते नाही, त्याला इतिहास आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने १८३६ साली बोट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचे पेटंट घेतले. त्याचा पहिला स्क्रू लाकडी होता आणि त्याला दोन पूर्ण वेढे होते, एखाद्या बुचाच्या मळसूत्राप्रमाणे. १८३७ साली पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असता तो कशावर तरी आपटला आणि त्याचा निम्मा भाग तुटून गेला. बोट थांबावयाची ती उलट अधिक वेगाने धावू लागली! लांबलचक स्क्रूची गरज नसून आट्याचा थोडासा तुकडाच पुरतो, हे त्या मोडतोडीतून कळले. आजच्या पंख्याची तीन पाती म्हणजे तीन आट्यांचे असे तुकडेच आहेत. आउटबोर्ड इंजिन पुढे बऱ्याच वर्षांनी आले; ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत ते १९०९ साली बाजारात आणले आणि वल्ह्यांचे दिवस सरले.

आता थोडे गणित. भिऊ नये, चौथीचे आहे. आपल्या इंजिनाचा दांडा मिनिटास ५२०० फेरे फिरतो तेव्हा खालच्या दातेरी चाकांमुळे पंखा सुमारे २५०० फेरे फिरतो. एका फेऱ्यास ११ इंच, म्हणजे मिनिटास २७,५०० इंच, म्हणजे जवळजवळ ७०० मीटर, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर. ही झाली कागदावरची गती. प्रत्यक्षात आपल्या तरुणांनी दोघे बसून मोजली तेव्हा ताशी ३४ भरली. मधले आठ किलोमीटर कोठे गेले? पाणी हे लाकूड नव्हे. ते मागे सरकते. या घसरणीस स्लिप म्हणतात. येथे ती सुमारे १९ टक्के झाली. हलक्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीस एवढी घसरण अगदी स्वाभाविक आहे. ती दोष समजून शून्यावर आणू पाहू नये. पाणी मागे ढकलले नाही तर बोट पुढे जाईलच कशाने? ओझ्याने बसलेल्या बोटीत हीच घसरण निम्म्यावर जाते.

गती मोजण्याविषयी एक सूचना येथेच करून ठेवतो. आता मोबाइलवर गती दिसते, पण ती जमिनीच्या हिशेबाने, पाण्याच्या नव्हे. म्हणून एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा विरुद्ध जावे आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी. एकूण अंतरास एकूण वेळेने भागू नये. समजा बोटीची खरी गती २० आणि प्रवाहाची ५. जाताना २५ दिसेल, येताना १५. सरासरी बरोबर २०. पण एक किलोमीटर जाऊन परत यावयास लागतील ६.४ मिनिटे, आणि त्यावरून गती निघेल पावणेएकोणीस. हलक्या चालीने गेलेल्या भागात वेळ अधिक जातो, म्हणून ही चूक होते. या चुकीपायी आम्ही एकदा एक चांगला पंखा नाहक बदलला होता.

आता मुद्द्यावर येऊ. इंजिनाची शक्ती त्याच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. १५ अश्वशक्ती असे त्याच्या टोपणावर लिहिलेले असते, पण ती शक्ती ते पाच हजारांच्या आसपास फिरते तेव्हाच देते. साडेतीन हजारांवर अडकले तर पंधरा घोड्यांपैकी बरेच तबेल्यातच बसून राहतात. आपण खंडाळ्याचा घाट चढणारा भरलेला ट्रक पाहिला असेल. ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. इंजिन जोरात फिरते, चाके हळू, पण ओझे वर जाते. तोच माणूस वरच्या गिअरमध्ये अडून राहिला तर गाडी थरथरेल, हिसके देईल आणि बंद पडेल. आउटबोर्ड इंजिनास असे गिअर नसतात. पुढे, मागे आणि मोकळे एवढेच. घाटाचा गिअर की सपाटीचा, हे पंख्याच्या पिचने एकदाच ठरते, आणि ते धक्क्यावर उभे असतानाच ठरवावे लागते. लहान पिच म्हणजे खालचा गिअर, मोठा पिच म्हणजे वरचा.

१९८९ साली आम्ही सपाटीच्या गिअरवर घाट चढत होतो. नंतर कारखान्यात ते इंजिन उघडले तेव्हा पिस्टनच्या अंगावर ओरखडे होते आणि कड्या अडकून बसल्या होत्या. ओझ्याखाली दबलेल्या इंजिनास पूर्ण ताकदीचे पेट्रोल मिळते, पण ते फिरू शकत नाही. आत उष्णता साठते, जळण अवेळी पेटते, तेलाचा थर तुटतो. एकट्या पिचवर सारा दोष ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. इंजिनाच्या मागून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार पडत असते. ती आमच्यापैकी एकानेही पाहिली नाही. पावसाळ्यात नद्यांतून जलपर्णीचे ताफेच्या ताफे वाहून येतात, त्यांतला एखादा गुंता पंख्याभोवती बसला असेल, पाणी घेण्याच्या जाळीवर बसला असेल. सांगता येत नाही. पण त्या चेट्टनने अंगठ्याने जे ओळखले, ते आम्ही, कारखान्यात नोकरी करणाऱ्यांनी, निघण्यापूर्वी गाभ्यावरचा आकडा वाचून ओळखावयास हवे होते.

त्याच्या पंख्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. केरळच्या किनाऱ्यावर देशी होड्यांना आउटबोर्ड इंजिने लागली ती मुख्यतः १९८०च्या दशकाच्या आरंभापासून. पेट्रोलवर सुरू करून घासलेटवर चालवावयाची ती इंजिने. या होड्या धावण्यासाठी नव्हत्याच. जाळी, मासे आणि माणसे ओढण्यासाठी होत्या. म्हणून तिथे रुंद पात्यांचा आणि लहान पिचचा पंखा लागे. त्याचे आठ घोडे आठही ओढत होते, आमचे पंधरा एकमेकांच्या पायांत अडकले होते. पुढे ऑगस्ट २०१८च्या महापुरात याच किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकांवर चढवून चेंगन्नूर, आलुवा अशा बुडालेल्या भागांत घेऊन गेले, हे आपण सर्वांनी पाहिले.

मग पंखा निवडावा कसा? आमच्या मते कसोटी एकच आहे, आणि ती दुकानात होत नाही. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण ताकदीवर फेरे किती असावेत याची मर्यादा दिलेली असते. आपल्या इंजिनाची ती ४५०० ते ५५०० आहे. बोटीत नेहमीचे ओझे ठेवावे, म्हणजे नेहमीची माणसे, भरलेली टाकी, डबे, पाण्याचा कॅन, आणि पूर्ण ताकदीवर फेरे मोजावेत. ते या मर्यादेत, शक्यतो वरच्या निम्म्यात, पडले तर पंखा बरोबर. खाली पडले तर पिच मोठा. वर गेले तर लहान. लहान इंजिनावर फेरे मोजण्याचा काटा नसतो, पण प्लगच्या वायरीला एक तार गुंडाळून फेरे दाखवणारे छोटे यंत्र मिळते, ते स्वस्त आहे आणि या साऱ्या वादांपेक्षा तर फारच स्वस्त आहे. पिच एक इंच कमी केला की फेरे दीडशे ते दोनशेंनी वाढतात, असा अनुभवाचा हिशेब आहे. व्यास आपल्या हाती फारसा नसतो. पाणी कापणाऱ्या खालच्या भागात जेवढा मावेल तेवढाच तो, म्हणून कारखानदाराने दिलेला व्यास ठेवून पिच तेवढा बदलावा. तीन पात्यांऐवजी चार पाती घ्यावीत का, असे एकाने विचारले होते. आपल्या कामाला तीन पुरेत.

पंखा विकत घेण्यापूर्वी मात्र बाकीची घरे तपासावीत, नाहीतर रोग एक आणि औषध दुसरे असे होते. बोटीचा तळ उलथा करून पाहावा. शेवाळ आणि शिंपले चढले असतील तर तेच ओझे आहे. इंजिन फार उंच बसवले असेल तर पंखा वरून हवा ओढतो, फेरे एकदम चढतात आणि जोर नाहीसा होतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीला किंवा तिच्या किंचित खाली असावी. गाभ्यातले रबर सुटले असले तरी फेरे असेच चढतात. सहाही जण मागच्या बाकावर गप्पा मारीत बसले तर कोणताही पंखा नाळ खाली आणणार नाही. दोघांना पुढे पाठवावे. आणि ठोकून सरळ केलेल्या पंख्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तीन पात्यांचे तीन पिच झालेले असतात आणि बोट थरथरते.

आकडा पुसट झाला असेल तर पिच घरी मोजता येतो. पंखा टेबलावर सपाट ठेवावा. मध्यापासून एका ठरावीक अंतरावर पात्याच्या दोन्ही कडांची टेबलापासूनची उंची मोजावी आणि त्या दोन कडा मध्याशी किती अंशांचा कोन करतात ते पाहावे. उंचीतला फरक दीड इंच आणि कोन ६० अंश असेल, तर पूर्ण ३६० अंशांत त्याच्या सहापट, म्हणजे नऊ इंच. हाच पंख्याचा पिच. गाभ्याजवळ पाते अधिक उभे आणि टोकाशी अधिक आडवे का असते, हेही येथेच उमगते. आतल्या लहान वर्तुळालाही एका फेऱ्यात तेवढेच अंतर पुढे जावयाचे असते. ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. कोनमापक दप्तरात असतोच.

आता आपल्या बोटीचा निर्णय. तरुणांनी आमच्या सांगण्यावरून मोजणी केली आहे. सध्याच्या ११ इंचांच्या पंख्यावर दोघे असताना ५२००, म्हणजे मर्यादेत. सहा असताना ४३००, म्हणजे मर्यादेखाली. याचा अर्थ तो पंखा वाईट आहे असा नव्हे. तो दोघांचा आहे. आठ इंचांचा घेतला तर सहा जणांसह ४९०० मिळतील, पण दोघे गेले की ५८००, आणि इंजिन किंचाळत फिरेल. नऊ इंचांवर सहा असताना ४७००, दोघे असताना ५६००, म्हणजे हात थोडा आखडता घेतला की काम भागते. दोघे असतानाची गती चार एक किलोमीटरने कमी होईल. ज्यांना वाऱ्याशी शर्यत लावावयाची आहे ते नाराज होतील, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ही बोट मंडळाच्या सहलींची आहे, आणि मंडळात कोणी दोघेच कुठे जात नाहीत. म्हणून आमचे मत ९ १/४ × ९ या पंख्यास. जुना ११ इंचांचा विकू नये. तो पाना आणि पिनांसह बोटीतच ठेवावा. पाण्याखालचा खडक आपल्याला कधी भेटेल ते सांगून येत नाही.

एका गोष्टीबाबत मात्र गैरसमज नको. लहान पिचने बोट ओझे ओढू शकते, वाहून नेण्याची तिची शक्ती वाढत नाही. सहा म्हणजे सहाच. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे सहलीची बोट उलटून २२ जणांचा बळी गेला. त्या बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे होती. १९८९ साली आमच्या बोटीतही होती. जाकिटे सहाही जणांच्या अंगात, बाकाखाली नव्हे. नांगराची दोरी तळाला पोचून वर उरेल एवढी लांब. आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. परतीची वाट ओहोटीविरुद्ध पडणार असेल तर भरतीचे कोष्टक पाहूनच निघावे. नोंदणीची कागदपत्रे सेक्रेटरींच्या ताब्यात आहेत, ती त्यांच्याकडेच सुखरूप राहू देत.

नवा पंखा या आठवड्यात येणार आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, भरती असताना, धक्क्यावर आम्ही तो बसवून मोजणी करू. त्यासाठी सहा माणसे हवी आहेत, आणि त्यांची वजने आम्हांस आधी कळावयास हवीत. ज्यांना आपले वजन चारचौघांत सांगण्याचा संकोच वाटत असेल त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून आमच्या हाती द्यावे. आम्ही फक्त बेरीज वाचून दाखवू. १९८९च्या दोन मुलांपैकी एकाने आपले नाव आधीच दिले आहे. त्याचे वजन आता ८४ किलो आहे.